कार्बोरेटर बदलण्याआधी

या सदरात आम्ही एरवी रेशनकार्ड, भविष्य निर्वाह निधी, शिष्यवृत्तीचे अर्ज, वारसनोंद असल्या कागदी गोष्टींबद्दल लिहितो. आमचे शिक्षण बी.कॉम., नोकरी कारकुनाची. आमचे हात शाईने काळे झालेले लोकांनी पाहिले आहेत, ऑईलने काळे झालेले कुणी पाहिलेले नाहीत. त्यामुळे या आठवड्याचा विषय पाहून काही वाचक गालातल्या गालात हसतील. हरकत नाही. चूक आमची होती. ती लिहून काढली तर दुसऱ्या एखाद्या मंडळाचे, बचत गटाचे किंवा घरचे दोन-तीन हजार रुपये वाचतील, एवढ्याच हिशेबाने हे लिहितो आहोत.

आमच्या वस्तीत एक अभ्यासिका आहे. एक खोली, दोन लांब टेबले, बारा ट्यूबलाईटी, सहा पंखे. घरी पाच-सहा माणसांत अभ्यास होत नाही म्हणून मुले-मुली इथे रात्री अकरापर्यंत बसतात. पावसाळ्यात वीज जाते म्हणून सहा वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून पेट्रोलवर चालणारा एक छोटा जनरेटर घेतला. वर्गणी देणाऱ्यांत नगरपालिकेचे सफाई कामगार होते, दोन शिक्षिका होत्या, भाजी विकणाऱ्या एक आजी होत्या. त्या पैशांचा हिशेब आमच्याकडे आहे, आणि हिशेब चोख ठेवतो असा आमचा लौकिक आहे. त्या लौकिकानेच घोटाळा केला.

२०२५ साली पाऊस लवकर आला. मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजीच पोहोचला, आमच्याकडे त्याआधीच वादळी पावसाने झोडपायला सुरुवात केली. एका संध्याकाळी वारा सुटला आणि वीज गेली. परीक्षा तोंडावर आलेली, खोलीत अठरा मुले. जनरेटर ओढून बाहेर व्हरांड्यात आणला, चोक ओढला, दोरी ओढली. एकदा, दहादा, तीसदा. तरणी पोरे आळीपाळीने ओढत होती, खांदे भरून आले, पण इंजिन एकदा फुरफुरले तेवढेच. त्या रात्री मुले मोबाईलच्या उजेडात बसली आणि नऊ वाजता उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना बोलावले. त्यांनी दोनदा दोरी ओढली, पेट्रोलचा वास घेतला आणि सांगितले, "कार्बोरेटर गेला. नवा टाका." कंपनीचा घेतला तर दोन हजार आठशे, मजुरी वेगळी. अभ्यासिकेच्या खात्यात चार हजार शंभर रुपये होते आणि जूनमध्ये नवी पुस्तके घ्यायची होती. मिस्त्रींना आम्ही लबाड म्हणणार नाही. जुना कार्बोरेटर खोलून साफ करायला तास-दीड तास जातो, त्या वेळेचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते. नव्या वस्तूचे पैसे मात्र तेच गिऱ्हाईक मुकाट्याने देते. शिवाय साफ करून पुन्हा बिघडला तर बोल मिस्त्रीलाच. तो सोपा रस्ता धरतो, एवढेच.

आम्ही व्हाउचर लिहायला घेतले. तेवढ्यात पोलीस भरतीची तयारी करणारी आमच्या अभ्यासिकेतील एक मुलगी म्हणाली, "काका, आधी उघडून तर बघू." तिने आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड केला आहे. हे आम्हांला माहीत होते, पण जनरेटर बंद पडल्यावर ती आमच्या डोक्यात आली नव्हती. पदवीधर पोरे दोरी ओढत होती आणि जिला काम येते ती मागच्या बाकावर बसली होती. तिला कुणी विचारले नाही, म्हणून ती बोलली नाही.

तिने पहिला प्रश्न विचारला, "काका, टाकीत पेट्रोल कधीचं आहे?"

आता कबुली. दिवाळीनंतर जनरेटर झाकून ठेवला तेव्हा टाकीत सुमारे तीन लिटर पेट्रोल होते. मुलांपैकी एकाने ते काढून माझ्या स्कूटरमध्ये घाला, असेही सुचवले होते. पण सार्वजनिक पैशाचे पेट्रोल स्वतःच्या स्कूटरमध्ये घालणे आम्हांला पटले नाही. आम्ही ते टाकीतच ठेवले आणि ३१ मार्चच्या हिशेबात 'पेट्रोल, शिल्लक साठा ३ लिटर' अशी नोंद केली. नोंद अगदी बरोबर होती. पेट्रोल मात्र तोवर पेट्रोल राहिले नव्हते.

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, अनेक तेलांचे मिश्रण आहे. त्यातला हलका, लवकर पेट घेणारा भाग आधी उडून जातो. उरलेल्याचा हवेशी संबंध येऊन चिकट डिंकासारखा थर बनतो. त्यात आता इथेनॉलची भर आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झाले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. आपल्या उसाच्या पट्ट्यात या इथेनॉलचे मोल वाचकांना सांगायला नको. इथेनॉल हा काही शत्रू नव्हे. ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षे याहून अधिक प्रमाणात वापरतात. पण त्याला पाण्याची ओढ असते. टाकीतल्या दमट हवेतले पाणी ते शोषून घेते, आणि पाणी फार झाले की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. इंजिन पेट्रोल घेते तळातूनच. रोज धावणाऱ्या गाडीला याचा त्रास होत नाही, कारण तिच्यात पेट्रोल साचून राहत नाही. सहा-सहा महिने झाकून ठेवलेल्या यंत्राला होतो. मुलीने आमच्या टाकीतले पेट्रोल एका काचेच्या बरणीत काढले आणि अर्धा तास ठेवले. तळाशी दोन बोटे गढूळ थर दिसला. आमचा शिल्लक साठा!

कार्बोरेटर हा शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही. पूर्वी घराघरांत फ्लिटचा पंप असे, तो ज्यांनी मारला आहे त्यांना कार्बोरेटर कळलाच म्हणून समजा. इंजिन हवा आत ओढते. हवेची नळी मध्येच निमुळती केलेली असते. अरुंद जागेतून हवा वेगाने जाते, आणि वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. इटलीचे व्हेन्चुरी (१७४६–१८२२) यांचे नाव या निमुळत्या नळीला मिळाले आहे. दाब कमी झाल्यामुळे खालच्या वाटीतले पेट्रोल पितळेच्या बारीक छिद्रातून वर खेचले जाते आणि त्याचे तुषार हवेत मिसळतात. १८९३ साली हंगेरीच्या बांकी आणि चोंका या दोघांनी असल्या कार्बोरेटरचे पेटंट घेतले. बुडापेस्टच्या रस्त्यावर फुले विकणारी एक मुलगी नळीने फुंकून फुलांवर पाणी शिंपडत होती, ते पाहून त्यांना ही युक्ती सुचली, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी कोण जाणे. पेटंटावर त्या मुलीचे नाव असणार नाही एवढे नक्की.

वाटीत पेट्रोल किती असावे हे एक तरंगता फ्लोट ठरवतो, अगदी पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. पेट्रोल वाढले की फ्लोट वर येतो आणि त्याला लागलेली सुई पेट्रोलची वाट बंद करते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखायचे काम एक मिलिमीटरहूनही बारीक छिद्रे करतात. तिथे डिंकाचा एक कण बसला की संपले. कार्बोरेटर 'गेला' म्हणतात तो बहुतेक वेळा असा असतो: जागच्या जागी, धडधाकट, फक्त घशात काही तरी अडकलेले.

तरीही मुलीने लगेच पान्याला हात घातला नाही. आधी ऑईल पाहिले. या इंजिनांत ऑईल कमी झाले की ठिणगी बंद करणारी सोय असते आणि माणूस उगाच दोरी ओढत बसतो. मग प्लग काढून ठिणगी पाहिली, पेट्रोलच्या नळीपासून लांब. प्लग कोरडा होता. चमचाभर ताजे पेट्रोल प्लगच्या भोकातून आत टाकले, प्लग बसवला, दोरी ओढली. इंजिन पाच सेकंद झकास चालले आणि बंद पडले. "म्हणजे इंजिन ठीक आहे, त्याला जेवण मिळत नाहीये," ती म्हणाली.

काम अंगणात केले. आसपास बिडी, देवाची वात, गॅसची शेगडी काही नाही. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दिसत नाही, म्हणून हे सांगणे. पेट्रोलची तोटी बंद केली, हवेच्या गाळणीची पेटी काढली. पुढे एक खुबीची गोष्ट. कार्बोरेटरला एक बारीक सळई आणि एक नाजूक स्प्रिंग जोडलेली असते, ती गव्हर्नरची. ती सोडण्यापूर्वी मोबाईलवर दोन फोटो काढून ठेवावेत, कारण स्प्रिंग अडकवायला दोन-तीन भोके असतात आणि चुकीच्या भोकात गेली तर इंजिनाचा वेग बिघडतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने असला जनरेटर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपासच फिरला पाहिजे. कमी-जास्त झाला तर पंखे आणि चार्जर जळतात.

खालच्या वाटीला एकच बोल्ट असतो, दहाच्या पान्याने निघतो. वाटी उघडली आणि आम्ही चाटच पडलो. तळाला मधासारखा पिवळा चिकटा, कडेने पांढरी पूड. फ्लोटची पिन हाताने सरकली, सुई निघाली. मधल्या पितळी खांबात मुख्य जेट होता, तो बरोबर मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने काढला. इथे घाई केली तर पितळेची खाच तुटते. जेट उजेडाकडे धरून पाहिला तर छिद्रातून उजेड दिसत नव्हता. आम्ही उत्साहाने खिशातली टाचणी पुढे केली. (कारकुनाच्या खिशात दुसरे काय असणार?) मुलगी जवळजवळ ओरडली. टाचणीने छिद्र मोठे होते, आणि मोठे झालेले छिद्र पुन्हा लहान करता येत नाही. तिने विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार सोलून घेतली आणि तिने हलकेच चिकटा मोकळा केला. मग बाजारात मिळणारा कार्बोरेटर क्लीनरचा फवारा प्रत्येक छिद्रातून मारला. डोळ्यांना चष्मा हवा. फवारा एका छिद्रातून शिरतो तो भलत्याच छिद्रातून तोंडावर येतो. आमच्या आला.

सगळे जोडले, ताजे पेट्रोल भरले. चौथ्या ओढीला इंजिन सुरू झाले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण टाळ्या घाईच्या ठरल्या. इंजिन घुंऽऽ करून वर जाई, पुन्हा खाली येई, आणि त्याबरोबर ट्यूबलाईटी मिचमिचत. याचा अर्थ हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आम्ही मुख्य जेट साफ केला होता, पण वरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या टोपीखाली आणखी एक जेट असतो, पायलट जेट. त्याचे छिद्र मुख्य जेटहूनही बारीक. संथ चालताना इंजिन त्याच्यावर जगते. तो तिथे आहे हे पुष्कळ जणांना माहीत नसते आणि साफ केलेला कार्बोरेटर 'नाहीच झाला' म्हणून भंगारात जातो. पुन्हा सगळे उघडले. तो जेट काढला, साफ केला. रात्री साडेआठला इंजिन एका सुरात चालू लागले. एकूण खर्च क्लीनरचा डबा, एक ओ-रिंग आणि ताजे पेट्रोल मिळून पाचशेच्या आत. फुकट गेलेले तीन लिटर वेगळे. ते आम्ही आमच्या खिशातून भरले.

त्याच रात्री पाऊस वाढला तेव्हा एका मुलाने जनरेटर आतल्या बोळात घ्यायचे सुचवले. भिजतोय म्हणून. ते आम्ही होऊ दिले नाही, आणि वाचकांनी बाकी सारे विसरले तरी एवढे लक्षात ठेवावे. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. माणसाला आधी डोके दुखल्यासारखे, मग गुंगी आल्यासारखे वाटते आणि झोपेतच तो जातो. बोळ, जिना, बंद व्हरांडा, खिडकीखालची जागा, कुठेही नको. खिडकी उघडी ठेवली म्हणून भागत नाही. आम्ही नंतर अंगणाच्या टोकाला चार खांबांवर पत्रा टाकला, चारही बाजू उघड्या.

हा प्रकार आम्ही एका स्नेह्यांना सांगितला. त्यांचा मुलगा कॅनडात टोरांटोजवळ असतो. त्यांनी फोन लावून दिला आणि मुलगा ऐकून हसायलाच लागला. त्याच्याकडे बर्फ उडवून फेकणारे यंत्र आहे, स्नो ब्लोअर. दारापुढचा बर्फ त्याने हटवल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही. इंजिन आमच्या जनरेटरच्याच जातीचे. एप्रिलमध्ये यंत्र शेडमध्ये जाते, पहिला मोठा बर्फ पडला की बाहेर येते आणि दोरी ओढून खांदे दुखतात. सलग दोन हिवाळे त्याने नवा कार्बोरेटर बसवला होता आणि दोन्ही उन्हाळे टाकी भरलेली ठेवली होती. त्याने एक नवीन गोष्ट सांगितली. त्या यंत्राला बहुधा हवेची गाळणी नसते. बर्फात धूळ नसते, आणि ओला बर्फ गाळणीवर गोठून हवाच बंद होईल. त्याऐवजी कार्बोरेटरभोवती पत्र्याची पेटी असते, इंजिनाच्या उष्णतेने तो गोठू नये म्हणून. आपल्या धुळीत मात्र गाळणीशिवाय इंजिन क्षणभरही चालवू नये. बर्फाने तोंड तुंबले तर तो इंजिन बंद करून काठीनेच मोकळे करतो, हात घालत नाही, हेही त्याने सांगितले. त्याला आम्ही पायलट जेटबद्दल सांगितले. पंधरा दिवसांनी वडिलांमार्फत निरोप आला की, कपाटात पडलेले दोन्ही 'गेलेले' कार्बोरेटर त्याने उघडले आणि त्यातला एक चालू झाला.

एकच. दुसरा खरोखरच गेलेला होता. आमचाही कार्बोरेटर शेवटी आम्हांला बदलावा लागला, हे लपवून कसे चालेल? ऑक्टोबरमध्ये वाटीखालून थेंब थेंब पेट्रोल गळू लागले. सुई नवी घातली तरी थांबेना. सुई जिथे टेकते ती जागाच पांढऱ्या पुडीने खाल्ली होती, ती साफ करून भरून येत नाही. थ्रॉटलचा दांडा भोकात खडखडायला लागला, किंवा इंजिनाला टेकणारी बाजू वाकडी झाली, तरी साफसफाईचा उपयोग नसतो; तेव्हा बदलावाच. गळणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनाशेजारी ठेवून पैसे वाचवायचे नसतात. मुलीने जुना नमुना पिशवीत घालून जिल्ह्याच्या गावी नेला. बोल्टच्या भोकांमधले अंतर, चोकची दांडी कोणत्या बाजूला, पेट्रोलची नळी कुठून लागते, हे तिघे जुळवून साडेसातशे रुपयांत साधा, बिनकंपनीचा आणला. मधले काळे बेकलाईटचे ठोकळे आणि दोन्ही पॅकिंग जुन्याच क्रमाने बसवले, पॅकिंग मात्र नवे. संथ वेगाचा स्क्रू थोडा फिरवावा लागला. अर्ध्या तासाचे काम. मे महिन्यात दोन हजार आठशे देऊन जुन्याच सवयीने ठेवला असता, तर तोही पुढच्या पावसाळ्यात असाच उघडावा लागला असता.

आता जनरेटर ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करतो. मग इंजिन चालू असताना पेट्रोलची तोटी बंद करतो आणि ते आपोआप थांबेपर्यंत उभे राहतो, म्हणजे वाटी कोरडी होते. उरलेले थेंब वाटीच्या खालच्या स्क्रूने काढतो. उघड्या महिन्यांतही महिन्यातून एकदा दहा मिनिटे चालवतो. हे काम दोन लहान मुलींना शिकवले आहे. त्यांना दोरी ओढवत नाही, पण जेट कुठे असतो ते बोट ठेवून दाखवतात. आमची आयटीआयवाली मुलगी भरतीत निवडली गेली आणि प्रशिक्षणाला गेली. जाताना दहाचा पाना अभ्यासिकेच्या कपाटात ठेवून गेली, आणि तो आम्ही जडसंग्रह नोंदवहीत चढवला आहे.

टाकीतून काढलेले पेट्रोल कुणाच्या गाडीत घालायचे, हा प्रश्न समितीपुढे आला होता. दोन तास चर्चा झाली. शेवटी, ज्याच्या गाडीत घालायचे त्याने त्या दिवशीच्या भावाने पैसे भरून पावती घ्यायची, असे ठरले. यंदा ती पावती आमच्याच स्कूटरच्या नावाने फाटली. ३१ मार्चच्या हिशेबात पेट्रोलच्या शिल्लक साठ्यापुढे 'निरंक' लिहिले आहे.